जर्मनीतलं रिलोकेशन पॅकेज: कंपनी देते ते कुटुंबाला कितपत पुरतं?

पुण्या-मुंबईतून जर्मनीत नोकरीला निघालेल्यांच्या ऑफर लेटरमध्ये हल्ली एक ओळ बऱ्याचदा दिसते: ‘रिलोकेशन सपोर्ट दिला जाईल.’ ही मदत कंपनी स्वतः करत नाही. ती एका एजन्सीला पैसे देते, एजन्सी तुमच्या शहरातला एक सल्लागार नेमते, आणि व्हिसा, पत्त्याची नोंदणी, बँक, घर वगैरे कामं तो तुमच्यासोबत करतो. हे परीक्षण कुठल्या एका एजन्सीचं नाही. म्युनिक, बर्लिन, श्टुटगार्ट, फ्रँकफर्ट या भागांत ही सेवा साधारण ज्या साच्यात मिळते, त्या साच्याचं आहे. डोळ्यांसमोर धरलेलं कुटुंब असं: एकाला ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा निवास परवाना) नोकरी, सोबत जोडीदार आणि दहा वर्षांच्या आतली एक-दोन मुलं. आकडे 2026 सालचे आहेत. त्यातले बरेचसे दर जानेवारीत बदलतात.

निकाल आधीच सांगून टाकतो. एकट्या माणसासाठी ही सेवा पाचपैकी साडेचार, कुटुंबासाठी जेमतेम तीन. पॅकेज बेतलेलं असतं ते नोकरीच्या पहिल्या दिवसाभोवती: माणूस वेळेवर हजर व्हावा, त्याचा पगार निघावा, एवढं कंपनीला हवं असतं. कुटुंबाची मोठी कामं (कायमचं घर, पाळणाघर, शाळा, जोडीदाराची भाषा आणि नोकरी) दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात अंगावर येतात, आणि तोवर पॅकेजचे तास किंवा मुदत संपत आलेली असते. म्हणून या सेवेत काय काय मिळतं यापेक्षा कधीपर्यंत मिळतं हे आधी वाचावं.

निघण्याआधी: एजन्सीचं सर्वांत चोख काम

व्हिसाच्या भागात एजन्सी पैसे वसूल करून देते. ब्लू कार्डसाठी वार्षिक ढोबळ पगार किमान 50,700 युरो लागतो. आयटी, अभियांत्रिकी, वैद्यक अशा टंचाईच्या क्षेत्रांत आणि नुकतीच पदवी घेतलेल्यांना 45,934.20 युरो चालतात. हे गणित कंपनीलाही येतं. एजन्सीचा उपयोग होतो तो जलद प्रक्रियेत. कंपनीने तुमच्या मुखत्यारपत्रावर जर्मनीतल्या परदेशी नागरिक कार्यालयात, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेत, 411 युरो भरून अर्ज केला की तिथूनच पूर्वसंमती मिळते. मग वकिलातीला तीन आठवड्यांत अपॉइंटमेंट द्यावी लागते आणि पूर्ण अर्ज हाती आल्यावर पुढच्या तीन आठवड्यांत निर्णय. जोडीदार आणि अल्पवयीन मुलांचे अर्ज त्याच सुमारास केले तर तेही या प्रक्रियेत बसतात. इथेच गफलत होते: ‘आधी मी जातो, मग बघू’ असं म्हणून कुटुंबाचे अर्ज मागे ठेवले जातात आणि मग ते नेहमीच्या रांगेत लागतात. कुटुंब तीन महिन्यांनी येणार असलं तरी कागद एकाच वेळी आत जाऊ द्या. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची ए-1 परीक्षा लागत नाही, आणि आल्या दिवसापासून नोकरी करायची मुभा असते. काही सल्लागार सरसकट ‘ए-1 करून ठेवा’ सांगतात. भाषा शिकायला हरकत नाही, पण त्यासाठी व्हिसा थांबवू नका.

नावांच्या बाबतीत मात्र बहुतेक एजन्सींचा अनुभव तोकडा पडतो, आणि मराठी माणसाचा गोंधळ इथेच सर्वांत मोठा. आपल्या पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. जर्मन कार्यालय त्या रकान्यातलं सगळं पहिलं नाव म्हणून उतरवतं. म्हणजे बायकोच्या विमाकार्डावर, करपत्रावर, बँक खात्यावर तिच्या नावात नवऱ्याचं नाव कायमचं बसतं. ते चालतं, फक्त सगळीकडे तसंच हवं. अडचण येते ती पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने आणि विवाह प्रमाणपत्रावर तिसरंच स्पेलिंग असेल तेव्हा. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव कसं लिहिलंय तेही पाहा. किंडरगेल्डच्या, म्हणजे मुलांच्या सरकारी भत्त्याच्या, अर्जात आणि विम्यात तो दाखला लागतो. दुरुस्ती पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत निघण्याआधी होते, जर्मनीत बसून ती करायची तर भावाला किंवा सासऱ्यांना खेपा घालाव्या लागतात. विवाह आणि जन्माचे दाखले मराठी-इंग्रजी दोन्हीत असलेले घ्या. इंग्रजीतून जर्मन करणारे शपथबद्ध अनुवादक सहज मिळतात, मराठीतून करणारे मोजके. भाषांतर जर्मन न्यायालयाने नेमलेल्या अनुवादकाकडून असेल तर कुठलंही कार्यालय खळखळ न करता घेतं.

पहिले तीन आठवडे: हातात हात घालून, पण गरज किती?

पॅकेजमधली सर्वांत ठळक ओळ असते ‘आनमेल्डुंगला सोबत’. आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची. फॉर्म, सगळ्यांचे पासपोर्ट, विवाह आणि जन्माचे दाखले, आणि घरमालकाने सही केलेलं ‘हे लोक इथे राहायला आलेत’ असं पत्र. खिडकीवरचं काम पंधरा-वीस मिनिटांचं. यासाठी सल्लागाराचे प्रवासासकट तीन तास खर्ची पडतात, आणि हे तास तुमच्या पॅकेजमधून वजा होतात. अपॉइंटमेंट एजन्सीला काढू द्या, फॉर्म तपासून घ्या, खिडकीवर एकट्याने जा.

खरा अडसर वेगळाच: ते घरमालकाचं पत्र. कंपनी पहिल्या महिन्या-दोन महिन्यांसाठी जी तात्पुरती सुसज्ज जागा देते, तिथे प्रत्येक वेळी नोंदणीची परवानगी असतेच असं नाही. हॉटेलछाप जागांमध्ये हे पत्र मिळत नाही. मग पुढची सगळी माळ तुटते: नोंदणी नाही तर कर-ओळख क्रमांक येत नाही, तो नाही तर किंडरगेल्डचा अर्ज पुढे सरकत नाही, निवास परवान्याची अपॉइंटमेंट लांबते. म्हणून तात्पुरत्या जागेचं बुकिंग होण्याआधी एजन्सीकडून लेखी घ्या की चौघांचीही नोंदणी तिथे होईल. ‘एका व्यक्तीची होईल’ हे उत्तर पुरेसं नाही.

आणि टपालपेटी. जर्मनीत टपाल पेटीवरच्या आडनावाने पोचतं, फ्लॅट क्रमांक नसतोच. पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. कर-ओळख क्रमांक, विमाकार्ड, बँकेचा पिन, सगळं टपालानेच येतं. जोडीदाराचं आडनाव वेगळं असेल तर दोन्ही नावं लावा. कागदाची पट्टी आणि चिकटपट्टीही चालते. एवढी साधी गोष्ट एजन्सीच्या छापील याद्यांमध्ये क्वचित सापडते.

कर-ओळख क्रमांक, श्टॉयर-आयडी, नोंदणीनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांत येतो. मुलांचाही वेगळा येतो, तो फेकू नका. तोवर पगारातून सहाव्या, म्हणजे सर्वांत जड, करवर्गाने भरमसाठ कर कापला जाईल अशी भीती घातली जाते. क्रमांक न येण्यात तुमची चूक नसेल तर कंपनी तीन महिन्यांपर्यंत अपेक्षित करवर्ग लावून पगार काढू शकते. लेखा विभागाला हे माहीत असतं, पण नवखा कारकून असेल तर आठवण करून द्यावी लागते.

करवर्गाचं म्हणाल तर एजन्सी इथे हात वर करते, कारण करसल्ला द्यायचा परवाना तिच्याकडे नसतो. एकट्याने आलात तर पहिला वर्ग. जोडीदाराची नोंदणी झाली की दोघंही आपोआप चौथ्या वर्गात. एकाचाच पगार असेल तर तिसरा-पाचवा असा जोड (कमावणारा तिसऱ्यात, जोडीदार पाचव्यात) मागावा लागतो. अर्ज एल्स्टर या सरकारी संकेतस्थळावरून होतो आणि पुढच्या महिन्यापासून लागू होतो. हातात पडणारी रक्कम त्याने चांगलीच वाढते. वर्षअखेरीस विवरणपत्र भरणं मग सक्तीचं होतं, आणि खरा हिशेब तेव्हाच लागतो. तिसरा वर्ग म्हणजे करमाफी नव्हे. जोडीदारालाही लवकरच चांगली नोकरी लागणार असेल तर चौथाच बरा.

आरोग्यविमा. इथे सल्ला देणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: तुम्हाला कमिशन कुठून मिळतं? वार्षिक पगार 77,400 युरोंच्या वर असेल तर खासगी विम्याची मुभा आहे, आणि तरुण माणसाला तो स्वस्तात देऊ केला जातो. पण खासगीत जोडीदाराचा आणि प्रत्येक मुलाचा हप्ता वेगळा. सरकारी क्राँकनकासेत (आरोग्यविमा संस्थेत) कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं तुमच्याच हप्त्यात येतात. जोडीदाराचं मासिक उत्पन्न 565 युरोंच्या आत असावं, छोट्या मिनीजॉबला 603 पर्यंत चालतं. हप्ता पगाराच्या 14.6 टक्के अधिक त्या कासेचा जादा हिस्सा, जो सरासरी 2.9 टक्के आहे. निम्मा कंपनी भरते. खासगीत गेल्यावर पुढे सरकारीत परतणं अवघड होत जातं आणि पंचावन्नाव्या वर्षानंतर जवळपास अशक्य. कुटुंब असेल तर सरकारी घ्या, विषय संपला. कुटुंब आलं की ‘फामिलिएनफरझिशरुंग’चा, म्हणजे कुटुंबविम्याचा, फॉर्म वेगळा भरायचा असतो. तो एजन्सीच्या यादीत नसतो, कारण यादी बनवली तेव्हा कुटुंब भारतात असतं. कार्ड येईपर्यंत मूल आजारी पडलं तर कासेला फोन करून तात्पुरतं प्रमाणपत्र मागवा. डॉक्टर ते स्वीकारतात.

बँकेसाठी एजन्सीची गरज नाही. भारतीय पासपोर्ट व्हिडिओवरच्या ओळखपडताळणीत बऱ्याचदा अडकतो. त्याऐवजी टपाल कचेरीत जाऊन ओळख पटवायचा पर्याय निवडा.

घर: सल्लागाराचे तास इथेच खर्च करा

घरशोध हा या सेवेचा गाभा, आणि दर्जात सर्वांत मोठा फरकही इथेच. चांगला सल्लागार जाहिरात पडल्याच्या तासाभरात जर्मनमध्ये फोन करतो, मालकाला तुमच्या कंपनीचं नाव आणि करार समजावतो, तुम्ही भारतात असताना स्वतः जाऊन व्हिडिओवर घर दाखवतो. सुमार सल्लागार तुम्हाला त्याच संकेतस्थळावरच्या लिंका पाठवतो, ज्या तुम्हालाही दिसतात. पॅकेजमध्ये ‘घरशोध: दोन दिवस’ असं लिहिलेलं असतं तेव्हा त्या दोन दिवसांत किती घरं प्रत्यक्ष दाखवणार, तुमच्या गैरहजेरीत जाणार का, करार वाचून देणार का आणि किल्ल्या घेताना हजर राहणार का, हे चार प्रश्न ईमेलवर विचारा. म्युनिकसारख्या शहरात चौघांच्या कुटुंबाला दोन दिवसांत घर मिळत नाही. मुदत दिवसांत असेल तर ती तासांत बदलून मागा आणि दोन महिन्यांत पसरवून घ्या.

आपल्या सवयीने गणित चुकतं ते खोल्यांचं. जर्मन जाहिरातीतल्या खोल्यांत दिवाणखाना धरलेला असतो, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर धरत नाहीत. म्हणजे ‘तीन खोल्या’ म्हणजे आपलं दोन बीएचके. दोन खोल्यांच्या घरासाठी चौघांनी अर्ज केला तर मालक सहसा उत्तरच देत नाहीत, आणि बिचारा माणूस समजतो की आपलं नाव बघून टाळलं. तेही घडतं, पण आधी खोल्या मोजा.

भाडं दोन प्रकारे लिहितात. काल्टमीटे म्हणजे निव्वळ जागेचं, वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिना-सफाई वगैरेंची आगाऊ रक्कम धरून. वीज आणि इंटरनेट सहसा त्यातही नसतं. हीटिंगची रक्कम अंदाजी असते आणि वर्षाचा हिशेब नंतर येतो. जुन्या इमारतीत मागच्या भाडेकरूचा खर्च किती होता हे सल्लागाराकरवी विचारून घ्या. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीटे, आणि ते तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क आहे. बऱ्याच जणांना तो सांगितलाच जात नाही. दलाल मालकाने नेमला असेल तर त्याचा मोबदला भाडेकरूने द्यायचा नाही, 2015 पासून तसा कायदा आहे. घर न पाहता, किल्ली हातात न घेता डिपॉझिट मागणारा माणूस चोर आहे. त्याला कितीही छान इंग्रजी येत असो.

नव्याने आलेल्यांकडे शूफा, म्हणजे तिथला पतइतिहास, नसतो, तीन पगारपत्रकंही नसतात. त्याऐवजी नोकरीचा करार, कंपनीचं ‘अमुक पगारावर, बेमुदत नेमणूक’ असं पत्र, पासपोर्ट आणि कुटुंबाची अर्ध्या पानाची ओळख, असं एकच पीडीएफ बनवा. हे पत्र कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून जर्मनमध्ये हवं. एजन्सीने न मागता ते आणून दिलं तर समजा सल्लागार कामाचा आहे.

करारात एक कलम नीट शोधा: ठरावीक काळ घर न सोडण्याची अट. एरवी भाडेकरूला तीन महिन्यांची नोटीस पुरते (महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पत्र पोचलं पाहिजे), पण या कलमामुळे एक-दोन वर्षं हात बांधले जातात. तुमची नोकरी मात्र पहिले सहा महिने प्रोबेत्साइटमध्ये (चाचणी काळात), म्हणजे दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांच्या नोटिशीवर. नोकरी दोन आठवड्यांत जाऊ शकते आणि घर दोन वर्षं सोडता येत नाही, ही जोडी कुटुंबाला झेपणारी नाही. बेकारी भत्ता मिळायलाही आधी किमान बारा महिने हप्ते भरलेले लागतात. कलम काढता येत नसेल तर बदली भाडेकरू आणून बाहेर पडण्याची सोय लिहून घ्या.

रिकामं घर म्हणजे बऱ्याचदा खरंच रिकामं: ओटा नाही, सिंक नाही, छताला दिवेही नाहीत, नुसत्या तारा. स्वयंपाकघर बसवलेलं असेल तर जाहिरातीत तसं लिहितात. आधीचा भाडेकरू त्याचं स्वयंपाकघर विकत देऊ करतो. किंमत पटली तर घ्या, कारण नवं बसवायला आठवडे लागतात. शेगडी बहुधा सपाट काचेची विजेची. ती साधी काचेची की इंडक्शन हे विचारा, कारण अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही आणि गोल बुडाची कढई दोन्हींवर निरुपयोगी. मिक्सर चालतो, वीज तिथेही 230 व्होल्ट, 50 हर्ट्‌झ. फक्त आपला तीन गोल पायांचा प्लग बसत नाही. अर्थिंग असलेला अ‍ॅडॉप्टर घ्या, आणि रात्री दहानंतर चटणी वाटू नका.

किल्ली घेताना सल्लागार सोबत हवाच. प्रत्येक ओरखडा, काळी पडलेली सिलिकॉन पट्टी, खिडकीच्या कोपऱ्यातली बुरशी, वीज-पाणी-हीटिंगच्या मीटरचे क्रमांक आणि आकडे, सगळं ‘युबरगाबेप्रोटोकोल’मध्ये, म्हणजे घर ताब्यात घेतानाच्या नोंदपत्रात, लिहून सही घ्या, फोटो काढा. घर सोडताना डिपॉझिट अडतं ते या कागदात न लिहिलेल्या गोष्टींवरून. विजेचा करार केला नाही तरी दिवे लागतात, कारण स्थानिक पुरवठादार आपोआप बिल सुरू करतो. त्याचा दर सहसा चढा असतो, तेव्हा पहिल्या महिन्यात बदला. दर घरामागे 18.36 युरो मासिक रेडिओ-दूरदर्शन शुल्काचं पत्रही येईल. ते फसवणुकीचं वाटतं, पण खरं असतं.

मुलं: यादीत एक ओळ, प्रत्यक्षात अर्धं वर्ष

पॅकेजमधल्या ‘शाळा-साहाय्य’ या ओळीचा अर्थ बऱ्याच ठिकाणी आंतरराष्ट्रीय शाळांची एक फेरी एवढाच असतो. त्यांची फी कंपनी भरत नसेल तर हे साहाय्य तुमच्या काही कामाचं नाही. सरकारी शाळा मोफत आहे, सक्तीची आहे आणि पत्त्यावरून ठरते. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, प्राथमिक शाळेचा हद्दभाग ठरलेला असतो, तेव्हा घर निवडतानाच शाळा निवडली जाते. सल्लागाराने घर दाखवताना हद्दीतली शाळा आणि तिथे नव्याने आलेल्यांसाठी जर्मनचा वर्ग आहे का, हे फोन करून विचारलं पाहिजे. न सांगता करणारे थोडे.

मूल आठ-नऊ वर्षांचं असेल तर राज्य कुठलं याला फार महत्त्व. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहा वर्षांची, बाकी बहुतेक ठिकाणी चार. बायर्नमध्ये चौथीच्या मे महिन्यात जे प्रमाणपत्र मिळतं, त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली (तिथे 1 म्हणजे सर्वोत्तम) असेल तर गिम्नाझियुमचा, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेचा, सरळ रस्ता. तिसरीत किंवा चौथीत भाषा न येता दाखल झालेल्या मुलाला सवलती आणि नंतरचे मार्ग आहेत, पण ते शाळेशी बोलून शोधावे लागतात. दोन शहरांतून ऑफर असेल तर पगारातल्या फरकाइतकाच याचाही विचार करा. इथे एजन्सी काहीच सुचवत नाही, कारण शहर ठरल्यावर तिचं काम सुरू होतं.

लहान मुलांसाठी किटा, म्हणजे पाळणाघर-बालवाडी. पहिल्या वाढदिवसानंतर जागेचा कायदेशीर हक्क आहे. हक्क असला तरी जागा मिळायला वेळ लागतो. म्युनिकमध्ये शहराच्या किटा-फाइंडर प्लस या संकेतस्थळावर नाव नोंदवायचं, बर्लिनमध्ये आधी किटा-गुटशाइन म्हणजे व्हाउचर काढायचं आणि मग जागा शोधायची. बर्लिनमध्ये फी नाही, जेवणाचे महिन्याला 23 युरो. म्युनिकमध्ये खासगी किटांचे दर खूप वेगवेगळे. दोन्हीकडे संकेतस्थळावर नाव घालून गप्प बसणाऱ्याला जागा मिळत नाही. दर आठवड्याला चार-पाच किटांना जर्मनमध्ये फोन करावे लागतात, आणि हेच काम सल्लागाराकडून करून घ्यावं. आनमेल्डुंगला वाचवलेले तास इथे लावा.

लसीकरणाचं पुस्तक बरोबर न्या. किटा आणि शाळेला गोवरच्या दोन डोसांचा पुरावा लागतो (एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला किमान एक, दोन वर्षांनंतर दोन). आपल्या डॉक्टरांच्या अक्षरातल्या तारखा तिथे कोणाला वाचता येत नाहीत. निघण्याआधी त्यांच्याकडून नाव, तारीख, लशीचं नाव आणि शिक्का असा टाइप केलेला एक कागद घ्या.

जागा मिळाल्यावरही मूल लगेच दिवसभर राहत नाही. आइनगेव्योनुंग म्हणून रुळवण्याचा काळ असतो: पहिले काही दिवस पालकाने तासभर तिथेच बसायचं, मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास. दोन ते चार आठवडे धरा, हट्टी मुलाला जास्त. नोकरीवाल्याला पूर्ण वार्षिक रजेचा हक्क सहा महिन्यांनी मिळतो, तोवर महिन्याला बाराव्या हिश्शाने. म्हणजे हे आठवडे जोडीदारानेच काढायचे, आणि तिचा भाषावर्ग त्याच वेळी सुरू होणार असेल तर तो बुडणार. दोन तारखा एकमेकींवर पडू देऊ नका. मूल आजारी पडलं तर सरकारी विम्यात प्रत्येक पालकाला एका मुलामागे वर्षाला 15 दिवस, पगाराऐवजी विम्याकडून भत्ता देणारी रजा मिळते, बारा वर्षांखालच्या मुलासाठी. पहिल्या हिवाळ्यात किटात जाणारं मूल त्यातले बरेचसे दिवस खातं.

किंडरगेल्ड दर मुलाला महिना 259 युरो. अर्ज फामिलिएनकासे या सरकारी कार्यालयाकडे, मागचे फक्त सहा महिने भरून मिळतात. बऱ्याच पॅकेजमध्ये तो ‘ऐच्छिक’ म्हणून शेवटी असतो. तो पहिल्या महिन्यात करा.

जोडीदार: इथे सेवा नापास

‘स्पाउस सपोर्ट’ म्हणून जे मिळतं ते म्हणजे रेझ्युमे कसा लिहावा याची एक ऑनलाइन बैठक. ती नाकारा आणि त्या पैशांत भाषावर्गाची फी मागा. काही कंपन्या देतात. कुटुंब म्हणून आलेल्या जोडीदाराला सरकारी इंटिग्रेशन कोर्सचा हक्क आहे: 600 तास भाषा, 100 तास समाज आणि कायदा, स्वतःचा हिस्सा तासाला 2.29 युरो, दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण झालं तर निम्मे परत मागता येतात. हा हक्क परदेशी नागरिक कार्यालयाकडून लेखी मिळवावा लागतो, निवास परवान्याच्या अपॉइंटमेंटलाच मागा. जोडीदार डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य किंवा शिक्षिका असेल तर आधी पदवीची मान्यता, आणि त्याला महिनोन्‌महिने लागतात. त्याचे कागद भारतातूनच जमवून आणा. वाहन परवाना भारतीय असेल तर सहा महिने चालतो, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. लेखी इंग्रजीत देता येते. शहराबाहेर घर घेतलं असेल तर दोघांनीही हे पहिल्याच तिमाहीत उरकावं.

सामान आणि पैसे

समुद्रमार्गे कंटेनर देत असतील तर त्याऐवजी रोख किंवा जादा विमानसामान मागा. जर्मनीत फर्निचर वापरलेलं स्वस्तात मिळतं. कंटेनर घेतलाच तर घरगुती सामान सहा महिने वापरलेलं असावं आणि आल्यावर वर्षभर विकू नये, तरच जकात माफ. विमानाच्या बॅगेत तूप, पेढे, खवा, ताजा कढीपत्ता आणि आंबे नकोत. दुधाचे पदार्थ आणि मांस युरोपीय संघाबाहेरून आणायला बंदी आहे, ताज्या भाजी-फळांना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. मसाले, पापड, कुळीथ पीठ बिनधास्त न्या.

पैशांत दोन गोष्टी तपासा. एकरकमी भत्ता पगारातून दिला तर त्यावर कर आणि विमा कापला जातो; बिलांवर परतफेड केलेला स्थलांतराचा खर्च करमुक्त राहू शकतो. पाच हजारांचा भत्ता दिसतो मोठा, हातात बराच कमी पडतो. दुसरं, परतफेडीचं कलम: ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडली तर पॅकेजचा खर्च परत करा. मुदत दोन वर्षांची असेल तर दर महिन्याला चोविसाव्या हिश्शाने रक्कम घटली पाहिजे, आणि कंपनीने काढून टाकलं तर परतफेड लागू होऊ नये, असं सही करण्याआधी लिहून घ्या. सही झाल्यावर हे कोणी बदलत नाही.

मनुष्यबळ विभागाला पाठवायचा मजकूर एवढाच पुरे: एकूण तास किती, ते कुटुंब आल्याच्या तारखेपासून चार महिन्यांपर्यंत वापरता येतील का, न वापरलेले तास घरशोधातून किटा-शाळेकडे वळवता येतील का, तात्पुरत्या जागेत सर्वांची नोंदणी होईल का, आणि सल्लागार जर्मन बोलणारा, त्याच शहरात राहणारा आहे का. तासांचा आकडा पटला आणि बाकी चारही उत्तरं ‘हो’ आली तर पॅकेज घ्या आणि पगाराच्या वाटाघाटीत त्याची किंमत मान्य करा. दोन-तीनच आली तर त्याऐवजी रोख रक्कम मागा आणि घरशोध व किटाचे फोन एवढ्यासाठीच तासावर सल्लागार नेमा. ‘तुमची फाइल आम्ही बंद करत आहोत’ असा एजन्सीचा ईमेल येईल तेव्हा होकार देण्याआधी तीन कागद हातात आहेत का पाहा: सर्वांची निवास परवान्याची कार्डं, कुटुंबविम्याची मंजुरी आणि किंडरगेल्डचं पत्र. एखादा नसेल तर फाइल उघडीच ठेवायला सांगा.